तळाचा स्नायू

कागद निघत नव्हता. पॅडच्या पाठीवरच्या गोंदाला चिकटलेली ती गुळगुळीत, मेणचट पट्टी — एक कोपरा नखाने उचलायचा आणि सर्रकन ओढायची, असं पाकिटावरच्या चित्रात दाखवलं होतं. पण चित्रातलं नख बाईचं होतं, लांब, निमुळतं, आणि त्याची स्वतःची नखं मुळापर्यंत कापलेली. चष्मेवाल्याला नखं वाढवून चालत नाही. दिवसभर परक्या माणसांच्या कानामागे बोटं घालायची, काडी नीट बसते का बघायची — नख लागलं की माणूस दचकतो, आणि एकदा दचकलेला माणूस मग दुकानातली कुठलीच फ्रेम पसंत करत नाही. बाथरूममधल्या स्टुलावर, पँट गुडघ्यांपर्यंत खाली घेऊन तो त्या कोपऱ्याशी झटत बसला होता, आणि त्याच्या मनात येत होतं की तिळाएवढ्या स्क्रूंशी आयुष्यभर संसार केलेल्या या बोटांना आता एक कागद सोलता येत नाही... मग तो निघाला. अर्धाच. उरलेला अर्धा फाटून गोंदावरच राहिला.

"अहो, झालं का?"

बाहेरून बायकोचा आवाज. साधाच प्रश्न, लग्न झाल्यापासून रोज सकाळी याच दाराबाहेरून याच सुरात विचारलेला. पण ऑपरेशन झाल्यापासून या घरातल्या प्रत्येक साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न लपलेला आहे असं त्याला वाटायला लागलं होतं. झालं का म्हणजे आवरलं का — की झालं का म्हणजे, पुन्हा झालं का?

"येतो," तो म्हणाला.

उठताना सांभाळून. आधी आवळायचं, मग उठायचं. हॉस्पिटलमधल्या फिजिओबाईंनी शिकवलं होतं. त्याच्या लेकीपेक्षाही लहान असतील वयाने. "काका, चारचौघांत बसलाय आणि वायू सरायला लागलाय, तर काय करता? तेच करायचं. फक्त चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही." ज्या स्नायूचं नावही कधी ठाऊक नव्हतं — तो बिचारा ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखा ताणलेला, जन्मापासून काही न बोलता सगळं पेलत राहिलेला — त्याची आता दिवसभर मनधरणी करायची. आवळ. धर. सोड. खोकायच्या आधी आवळ, पिशवी उचलायच्या आधी आवळ, खुर्चीतून उठायच्या आधी आवळ... आणि खोकला सांगून येत नाही. शिंक तर मुळीच नाही. टाके सुकले होते, दुखणंही गेलं होतं. उरला होता तो फक्त हा थकवा, अंगाचा नव्हे, लक्ष ठेवण्याचा. घरात तापाने फणफणलेलं पोर झोपलेलं असावं आणि एक कान सतत तिकडे लागलेला असावा, तसा.

वाचलात, असं सगळे म्हणत होते. प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ होती, प्रोस्टेटच काढून टाकलं, नंतरच्या रक्ताच्या तपासणीत काही उरलेलं दिसत नाही, म्हणजे वाचलात. मेहुणा म्हणाला, शेजारचे म्हणाले, आणि तो पोरगेलासा सर्जन तर टेबलावरून पुढे वाकून हातच मिळवायला लागला — जिंकलात काका! हो, वाचलो. मला मान्य आहे. पण वाचलेल्या माणसाला रोज सकाळी इतकं दमल्यासारखं का वाटावं, हे मी कुणाला विचारू? ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याकडेच तक्रार घेऊन कसं जायचं — म्हणजे, अगदी बुडणाऱ्या माणसाला वर काढायचं आणि त्याने म्हणायचं, माझी चप्पल राहिली हो आत...

आज तो ऑपरेशननंतर पहिल्यांदाच दुकानात जाणार होता.

बायको दाराशी उभी होती, शाळेला निघायच्या तयारीत. ती बालवर्गाची बाई. खांद्याला लटकलेल्या तिच्या पिशवीतून नेहमी रंगीत कागदाच्या गुंडाळ्या डोकावत. तिने त्याच्या हातात त्याची कापडी पिशवी दिली.

"जादा पँट ठेवलीय आत."

"कशाला?"

"असू दे."

"मी काही तुझ्या वर्गातला नाही."

हे त्याने मुद्दाम म्हटलं. घरी आल्यावरच्या पहिल्या दिवसांत, जिन्यातच सगळं निसटलं तेव्हा, ती त्याला धरून वर आणता आणता म्हणाली होती, एवढं काय त्यात, माझ्या वर्गात रोज दोघा-तिघांचं होतं. धीर द्यायलाच म्हणाली होती. ते वाक्य त्याच्या आत कुठेतरी जाऊन बसलं ते बसलंच. आताही तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि ती चपला घालून जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत तो थांबला. मग पिशवीतली पँट काढून त्याने आतल्या खोलीतल्या कॉटवर टाकली.

आतली खोली म्हणजे लेकीची जुनी खोली. नळी आणि पिशवी लावलेली होती तेव्हा तो तिथे झोपायला गेला. पलंगावर दोघांमध्ये ती लघवीची पिशवी लोंबकळणार, रात्री वळताना ओढ बसणार, ते बरं नव्हतं. मग नळी निघाली. तो परत आला नाही. तिने या म्हटलं नाही, त्याने येऊ का विचारलं नाही, आणि रोज रात्री दोघं आपापल्या दाराशी क्षणभर थांबून, पाणी घेतलंस का, दिवा मालवा, असं काहीतरी बोलून वेगळे होत — प्रवासात ओळख झालेली माणसं आपापल्या स्टेशनावर उतरतात तसे.

रस्ता तोच होता. किल्ल्या करून देणारा, फुलांचं दुकान, पोस्टाची पेटी, वळणावरची बँक. पण आता त्याच्या डोक्यात या रस्त्याचा दुसराच नकाशा तयार झाला होता: बँकेच्या मागे स्वच्छतागृह आहे पण त्याला कुलूप असतं, वाचनालयाचं उघडं असतं पण तिथे सभासदांनाच जाऊ देतात, बागेतलं चालेल. सिग्नलला उभा असताना थंड वारा पायांमधून गेला आणि त्याने आवळलं. शेजारी एक तरुण उभा होता, हातात पाण्याची बाटली, मान वर करून घटाघट पीत होता... किती बेफिकिरीने पाणी पितात माणसं.

कप्तानाचा फोन त्याला आठवला. कप्तान म्हणजे हॉस्पिटलमधला शेजारच्या खाटेवरचा. नर्सना हुकूम सोडायचा म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणायचे. तेच ऑपरेशन, तोच सर्जन. परवा त्याने फोन केला आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाला, "चालू झालं!"

"काय?"

"काय म्हणजे? तेच! अगदी पहिल्यासारखं नाही म्हणा, पण शीड उभं राहिलं, बुवा. गोळी घेतो मी. बायको म्हणाली, पुरे आता, म्हातारे झालात!" आणि तो हसला, हॉस्पिटलच्या वॉर्डात घुमायचं तसं.

त्यावर याने म्हटलं होतं, वा. छान. मनापासून अभिनंदन. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो फोनकडेच बघत बसला होता. त्या गोळ्या त्याच्याकडेही होत्या. सर्जनने लिहून दिल्या होत्या, एका बाजूच्या नसा पूर्ण वाचवल्यात काका, दुसरीकडच्या थोड्या, जागं व्हायला वेळ लागेल, पण वापर ठेवा, नाहीतर आखडतं — हे सगळं बायकोच्या समोर, आणि बायको त्या वेळी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होती की जणू तिला त्याची परीक्षा द्यायची आहे. गेल्या आठवड्यात ती शाळेत असताना त्याने एक गोळी घेऊन पाहिली होती. कॉटवर पडून वाट पाहिली. कान तापले, नाक चोंदलं, आणि मग — पडदा, भिंत, स्वतःचे हात, सगळं हळूहळू निळसर दिसायला लागलं. बाकी काही नाही. खाली सगळं शांत, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले, आणि आता स्वतःलाच जग निळं दिसतंय, या गोष्टीचं त्याला हसू यायला हवं होतं. तेही आलं नाही.

दुकानात लेक होती. तो नसताना तिनेच दुकान चालवलं होतं, आणि ते त्याला दारातूनच कळलं: मोठा आरसा उजेडाच्या बाजूला हलवलेला, पोरांच्या फ्रेमा खालच्या फळीवर आणलेल्या, त्याची खुर्ची थोडी उंच केलेली. उंच खुर्चीतून उठायला सोपं जातं. हे तिला कसं सुचलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते तिथेच सोडून दिलं.

"या मालक," ती म्हणाली. "कोट धुऊन ठेवलाय."

"काय ठमाबाई, दुकान विकलं नाहीस ना?"

"गिऱ्हाईक मिळालं नाही."

त्याने पांढरा कोट चढवला. खिशात त्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर होता, बोटांनी आपोआप शोधलेला, आणि क्षणभर सगळं जागच्या जागी आल्यासारखं झालं. सकाळची गिऱ्हाइकं बरी गेली. एका माणसाच्या काड्या गरम हवेवर धरून वाकवल्या. एका मुलीला पहिलाच चष्मा, तिची आई तिच्याहून जास्त रडवेली. प्रत्येकाच्या चेहऱ्यापाशी वाकताना मात्र तो श्वास धरत होता — वास येत असेल का? आपल्याला आपला वास कळत नाही म्हणतात. एवढ्या जवळून, जिथे समोरच्याच्या पापण्या मोजता येतात, तिथे... मुलीने नाक आक्रसलं. नव्या फ्रेमने गुदगुल्या होत असतील. होत असतीलच. तरी तो एक पाऊल मागे सरला.

मग ती ठेंगणी, स्थूल बाई आली. जुनं गिऱ्हाईक; कानाला कमी ऐकू येतं म्हणून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी. आत आणखी दोघं-तिघं होते. ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"पॅड सुटलंय हो!"

त्याच्या हातातली फ्रेम काउंटरवर पडली. पायांपासून कानांपर्यंत ऊन सणक गेली. सगळ्यांच्या माना वळल्या आहेत असं त्याला वाटलं. हिला कसं दिसलं? कोटाखालून? तो अर्धा कागद — तो अर्धा कागद राहिला होता गोंदावर —

"केव्हाचं लोंबकळतंय," बाई म्हणाली. "चालताना खाली येतं. नवं बसवा." आणि तिने नाकावरचा चष्मा काढून त्याच्यासमोर धरला, आणि नाकावर टेकणारं ते इवलंसं पारदर्शक पॅड एका तारेला लोंबत होतं.

तो हसला. आधी नुसता श्वास बाहेर पडला, मग खांदे हलले, मग ते हसू कुठूनतरी खोलवरून, कित्येक महिन्यांच्या तळातून वर आलं आणि त्याच्या हातात राहिलं नाही. बाई काही न कळून त्याच्याबरोबर हसायला लागली, लेक हसायला लागली. आणि त्या हसण्याच्या ऐन मध्यावर त्याला ते जाणवलं — उबदार, आधी थोडंसं, मग थोडंसं नव्हे. त्याने आवळलं. हसताना आवळता येत नाही, हे फिजिओबाईंनी सांगितलं नव्हतं. तो काउंटर धरून उभा राहिला, तोंड हसरंच ठेवून. आणि पॅड, तिरकं बसलेलं, एका बाजूने सुटलेलं पॅड, जेवढं धरता येईल तेवढं धरून मग थांबलं, आणि उरलेलं डाव्या मांडीवरून गुडघ्याकडे उतरत गेलं.

"आत बारीक तार आहे, घेऊन येतो," तो म्हणाला.

मागच्या खोलीत, पडद्याआड, तो भिंतीला टेकून उभा राहिला. राखाडी पँटवरचा तो काळसर पट्टा. जादा पँट घरी कॉटवर. बाहेर लेकीचा आवाज, ती बाईच्या चष्म्याला पॅड बसवून देत होती, जोरजोरात बोलत होती... मग पडदा हलला.

"लेन्सच्या पाण्याच्या बाटल्यांमागे बघा," ती म्हणाली. त्याच्याकडे नव्हे, फळीकडे बघत.

बाटल्यांमागे पाकीट होतं. त्याच्याकडचं नव्हे, दुसरं, पुरुषांसाठीचं, समोरून रुंद. असं मिळतं हेही त्याला माहीत नव्हतं. फोडलेलं नव्हतं. तो ते हातात घेऊन उभा राहिला.

"आईने सांगितलं?"

"हो."

"सगळं?"

"मी विचारलं म्हणून सांगितलं." तिने फळीवरची एक बाटली सरळ केली. "बाबा, धाकट्याच्या बाळंतपणानंतर वर्षभर मला शिंकायची भीती वाटायची. शिंक आली की मी पायात पाय अडकवून उभी राहायचे. तुम्ही इथेच बसून म्हणायचात, काय ग नाचतेस."

तो म्हणाला होता. त्याला आठवत होतं, ती काउंटरशी पायांना तिढा घालून उभी, डोळे मिटलेले, आणि तो हसलेला.

"मग?"

"मग काय, बरी झाले. पूर्ण नाही. दोरीवरच्या उड्या सोडल्या." ती हसली. "कोटाची बटणं लावून घ्या आणि घरी जा. आज पुरे झालं."

तिने पडदा सोडला. त्याला तिच्याबद्दल माया वाटायला हवी होती, वाटतही होती, पण त्या मायेच्या आधी राग येऊन उभा राहिला. दोघींनी मिळून बोलायचं. खुर्ची उंच करायची, पाकिटं आणून ठेवायची, आणि समोर मात्र काही माहीत नसल्यासारखं, या मालक... माझ्या शरीरावर यांच्या बैठका होतात आणि मलाच बोलावणं नाही.

तो राग त्याने घरापर्यंत नीट सांभाळून नेला. पांढरा कोट गुडघ्यापर्यंत येत होता. रस्त्यात एका म्हातारबाबांनी, डॉक्टरसाहेब, एक मिनिट, म्हणून हाक मारली, आणि तो न थांबता पुढे गेला. पाय चिकटत होते. ओलं आता गार झालं होतं.

शाळा दुपारीच सुटत असल्यामुळे बायको घरी आली होती. पलंगावर बसून ती निळ्या कागदाचे मासे कापत होती, वर्गाच्या भिंतीला लावायला. त्याने आधी धुऊन, कपडे बदलून घेतले. राग ओल्या कपड्यांत मांडता येत नाही. मग दारात उभा राहिला.

"ठमीला का सांगितलंस?"

तिने वर पाहिलं. काय झालं असेल ते तिला कळलं, आणि कळलंय हे तिने लपवलं नाही.

"मग कुणाला सांगू?"

"कुणालाही नाही. माझी गोष्ट आहे ती."

"तुमची?" कात्री थांबली. "हॉस्पिटलात त्या दाराबाहेर कोण बसलं होतं? चादरी कोण धुतं? आणि तुम्ही उठून त्या खोलीत गेलात, तर इकडे या पलंगावर कोण उरलं? गोष्ट तुमची एकट्याची कशी झाली, मला समजावून सांगा."

एवढं ती एका दमात कधी बोलत नसे. चार-पाच वर्षांच्या पोरांशी दिवसभर बोलून घरी आल्यावर तिचे शब्द संपलेले असत. उभं राहवेना म्हणून असेल, तो पलंगाच्या आपल्या बाजूला बसला, आणि न आवळताच बसलो हे ध्यानात येऊन एकदम उठला.

"बसा," ती म्हणाली. "टॉवेल आहे खाली."

चादरीखाली खरोखरच टॉवेल होता. जुना, जाड, तपकिरी, दुहेरी करून घातलेला, बरोबर त्याच्या बाजूला.

"हा कधी घातलास?"

"रोज घालते." तिने माशाचं शेपूट कापलं. "नळी काढली ना, त्या रात्रीपासून. सकाळी काढून ठेवते, कुणी आलं-गेलं तर दिसू नये. आज निघताना राहिला."

तो बसला. त्या टॉवेलवर रात्रीमागून रात्री कुणी झोपलं नव्हतं. ती दाराशी म्हणायची, दिवा मालवा, आणि आत येऊन हा घालायची, आणि त्याच्या शेजारी — टॉवेलच्या शेजारी — झोपायची. ती काही बोलली का नाही? पण तो तरी कुठे... राग अजून होता, पण त्याला टेकायला भिंत राहिली नव्हती. त्याने पाय वर घेतले आणि आडवा झाला. तिने मासे, कात्री, कागदाचे कपटे गोळा करून स्टुलावर ठेवले आणि तीही पडली. दुपारचं ऊन पडद्यातून पिवळं होऊन येत होतं. कुठेतरी खालच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी ठोकत होतं, थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं.

"आधी मला बरं वाटलं," ती छताकडे बघत म्हणाली. "तुम्ही तिकडे गेलात तेव्हा. झोप लागायला लागली. हॉस्पिटलात किती दिवस नीट झोपले नव्हते. मग झोप पुरी झाली, आणि बरं वाटायचं थांबलं."

तिचा हात आला. त्याच्या पोटावर, सदऱ्याच्या आत, त्या लहान लहान व्रणांवरून एकेक करून — तिथली कातडी अजून बधिर होती, हात येतोय हे कळत होतं पण कुणाचा ते कळत नव्हतं — आणि मग व्रणांच्या खाली.

"नको," तो म्हणाला. "काही होत नाही."

"मी कुठे म्हटलं काही व्हावं म्हणून."

"आणि ओलं —"

"टॉवेल आहे."

हात तिथेच राहिला. ताठरता नव्हती, तो आत कान देऊन ऐकत होता, घरात चोर शिरल्यावर ऐकावं तसा, आणि काही ऐकू येत नव्हतं. पण हाताची ऊब मात्र पोचत होती. ती आत कुठेतरी, नेमकं कुठे ते सांगता आलं नसतं, विरघळल्यासारखी पसरत होती; आणि ती सुखाची होती की नुसती ऊब होती... त्याला रडू येईल असं वाटलं. एक थेंब निसटला, डोळ्यातून नव्हे. तिला कळला. हात हलला नाही.

"मला वाटतं, मी तुझं काहीतरी काढून घेतलं," तो म्हणाला. हे वाक्य त्याने मनात कितीदा तयार करून ठेवलं होतं. बाहेर पडल्यावर ते फारच लहान वाटलं. "आपलं ते... आता नाहीच बहुतेक."

खालचं ठोकणं थांबलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागवायचं नाही."

"सांग."

"पाळी गेली ना माझी, त्यानंतर दुखायचं."

"काय दुखायचं?"

"तेच. सुकलेल्या जखमेला पुन्हा खरवडल्यासारखं. नेहमी नाही. पण बहुतेकदा."

तो कोपरावर उठला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता."

"थांबलोच असतो! मी काय —"

"हो ना. आणि मग जवळ यायचेही थांबला असता." ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती, बालवर्गाला पावसाचं पाणी कुठून येतं ते सांगताना बोलत असेल, तशी बोलत होती. "तुम्हाला दुसऱ्या कशासाठी जवळ यायची सवय कुठे होती? ते दुखणं सोसलं की मग तुम्ही माझ्या मानेपाशी डोकं ठेवून झोपायचात. तेवढ्यासाठी."

तो पुन्हा आडवा झाला. ज्या रात्री तो महिनोन्‌महिने मनात जपून ठेवत आला होता, कॉटवर पडून एकेक काढून पाहत आला होता — ही होती, ती होती, त्या वर्षी ते होतं — त्या सगळ्यांवरून कुणीतरी बोळा फिरवून गेलं होतं. त्याने त्यांत तिचा चेहरा शोधला. अंधार असायचा. तिचे डोळे मिटलेले असायचे. ते सुखाने मिटलेत असं मी धरून चाललो होतो, मी कधी... म्हणजे जे गेलं असं म्हणून मी इतके दिवस झुरलो, ते दोघांचं नव्हतंच? मग मी कुणाच्या वतीने रडत होतो? त्याला अपमान वाटला. मग अपमानाच्या मागून काहीतरी सैल सुटल्यासारखं, हलकं, नको असलेलं, कारण हलकं वाटणं या वेळी शोभण्यासारखं नव्हतं. आणि तिने दात आवळून पडून राहिलेलं — ती कल्पना. आवळ. धर. सोड. त्याने तोंड फिरवलं.

"रागावलात?"

"नाही." ते खरं होतं की नाही हे त्याला ठरवता आलं नाही. मग घसा खाकरून — खाकरताना खाली जे व्हायचं ते झालं, होऊ दे — तो म्हणाला, "मग तुला... म्हणजे तुला काय हवं असायचं?"

ती हसली नाही. तिने हात काढून स्वतःच्या कपाळावर आडवा ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "जरा विचार करू दे. कुणी विचारलं नव्हतं ना, त्यामुळे चटकन येत नाही."

तो थांबला. उन्हाची पिवळी पट्टी पडद्यावरून सरकून कपाटाच्या कडेला लागली होती. उत्तराची त्याला भीती वाटत होती: ते त्याला न जमणारं असेल, किंवा फार साधं असेल आणि इतकी वर्षं हाताशी असूनही त्याने दिलेलं नसेल, आणि यांतलं जास्त वाईट कोणतं ते ठरत नव्हतं. अंग जड झालं होतं; सकाळपासूनचा सगळा दिवस हातापायांत उतरला होता. शेजारी तिचा श्वास लांबत चालला होता, आणि ती विचार करतेय की तिचा डोळा लागला हे त्याला कळत नव्हतं. तिला हलवावं असं वाटलं नाही. त्याला घाई नव्हती. आणि घाई नसणं ही गोष्ट त्याच्या अंगाला इतकी अनोळखी होती की तिच्याशी कसं वागायचं ते न कळून तो तसाच, डोळे उघडे ठेवून, पडून राहिला.